एक जूनला जन्मलेली माणसं

४ मे

कोर्सवाल्या बाईंनी बजावलंय, रोज लिहा आणि मातृभाषेत लिहा, कारण माणूस इंग्रजीत स्वतःशी खोटं बोलतो. घ्या! आमच्या खात्यात इंग्रजीशिवाय पान हलत नाही. पण ‘दीर्घ आणि समतोल एचआर कारकीर्द’ या सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र हवं असेल तर गृहपाठ करणं आलं. म्हणून दिवाळीत कंपनीनं वाटलेली डायरी बायकोकडून, दीपमालाकडून, मागून घेतली. पहिल्या चार पानांवर तिच्या किराणाच्या याद्या आहेत. साबुदाणा, शेंगदाणे, हिंग. तिथून पुढं मी.

तर मी शिवराज ठोंबरे, वय त्रेचाळीस, मूळ लासूर स्टेशन, राहायला सिडको. चितेगावला आमची कंपनी, गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग करते. तिथं मी एचआर मॅनेजर. या धंद्यात अठरा वर्षं, या कंपनीत नऊ. अठरा वर्षांत माझ्यामुळं एकही संप नाही, एकही कोर्टकेस नाही, एकही शत्रू नाही. कसं जमलं, असं नवी पोरं विचारतात. सोपं आहे. कुणाला पूर्ण हो म्हणायचं नाही, कुणाला पूर्ण नाही म्हणायचं नाही. अर्ज आला की हसून घ्यायचा, कोपऱ्यात ‘पाहिला’ लिहून खाली आपली आद्याक्षरं टाकायची आणि टेबलाच्या तिसऱ्या खणात ठेवायचा. शंभरातले नव्वद अर्ज तिथंच शांत होतात. माणसं विसरतात, नाहीतर नोकरी बदलतात, नाहीतर त्यांचं लग्न होतं.

सहा जूनला मॅनेजमेंट कॉलेजात याच विषयावर माझं व्याख्यान आहे, सोबत एचआरवाल्यांच्या मंडळाकडून सत्कार. वर्षाअखेरीस जनरल मॅनेजरची खुर्ची रिकामी होतेय. एकंदरीत ग्रह बरे आहेत.

बाईंनी रोज एक प्रश्न दिलाय: आज कुणावर रागावलात? कुणावर नाही. मी रागावत नाही.

७ मे

जेवणाच्या सुट्टीत रामकिसन आला. प्रेसशॉपचा सेटर, चार नंबरच्या मोठ्या प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवतो. तीस वर्षांची नोकरी. या ३१ तारखेला अठ्ठावन्न पुरी होऊन निवृत्त होतोय.

“जयभीम साहेब. माझ्या त्या तारखेचं काय झालं?”

“कसल्या तारखेचं?” मी हसत विचारलं.

“जन्मतारखेचं. मी सत्तरचा हाय. नऊ नोव्हेंबर सत्तर. कागदावर एक जून अडुसष्ट पडलीय.” मग त्यानं सगळी हकीकत सांगितली. “आमच्या बापाला आम्हाला शिकवायची लई घाई. थोरल्याला शाळेत घालायला नेलं तर मीबी मागं रडत गेलो. गुरुजी म्हणले, आलाय तर ह्यालाबी बसवा. वय बसंना, म्हणून दोघांना एकच तारीख टाकली. कागदावर जुळे झालो की आम्ही! पण तहसीलात माझी खरी नोंद हाय, शिक्क्याची नक्कल काढलीय मी. पोरीची, करुणाची, वकिलीची दोन वर्षं राह्यलीत साहेब. बरोब्बर तेवढीच माझी नोकरी राह्यलीय.”

मी त्याला पाणी दिलं. (व्याख्यानासाठी मुद्दा एक: समोरच्याला आधी पाणी द्या.) मग नियम समजावला. जन्मतारीख दुरुस्त करायची तर निवृत्तीच्या पाच वर्षं आधी अर्ज करावा लागतो, आता फार उशीर झालाय.

“केला होता की. तुम्ही नवेच आला होता त्या साली. तुमच्याच हातात दिला.”

“पोच आहे का?”

“पोच कशाला? तुम्ही म्हणले होते ना, पाहिला म्हणून.”

आता काय बोलावं? शिकलेला माणूस, तीस वर्षं कारखान्यात काढली, आणि पोच घेत नाही. आपल्याकडं हीच बोंब आहे. साहेब समोर बसलेत, चहा पाजतायत, आता पोच मागितली तर त्यांना वाईट वाटंल! मी म्हणालो, बघू. तो गेला.

१२ मे

पुण्याच्या हेडऑफिसनं नवी योजना पाठवलीय. प्रत्येक कामगाराचा वाढदिवस कँटीनमध्ये केक कापून साजरा करायचा. कुटुंबभावना वाढते म्हणे. मेघाला यादी काढायला सांगितली. मेघा माझी ज्युनिअर, विद्यापीठातून नुकतीच एमबीए झालेली, हुशार आहे, फक्त प्रश्न फार विचारते.

ती यादी घेऊन आली. “सर, दोनशे बारा माणसांत एकाहत्तर जणांचा वाढदिवस एक जूनला येतोय.”

पुण्याहून लगेच फोन, तुमचा डेटा करप्ट झालाय. त्यांना काय सांगू? आमच्याकडं शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजी पोराच्या उंचीकडं बघून साल ठरवायचे. जूनमध्ये बसवला तर जूनमध्येच जन्मला. निम्मा मराठवाडा एका दिवशी जन्माला आलाय. आमच्या लासूरला तर माझ्या वर्गात बावीस जण होते, त्यात खुद्द गुरुजींचा मुलगाही.

मी पुण्याला कळवलं, डेटा बरोबर आहे, एकच मोठा केक आणू. शाबासकी मिळाली.

१९ मे

आज जरा गडबड झाली. मी प्लांट हेड दहिवाळ साहेबांकडं मीटिंगला होतो. मेघा स्टेपलरच्या पिना शोधायला माझ्या टेबलाशी गेली आणि तिनं तिसरा खण उघडला. परत आलो तर ती एक पिवळा पडलेला कागद घेऊन उभी.

“सर, हा रामकिसनकाकांचा अर्ज. अकरा जून दोन हजार सतरा. सोबत तहसीलची नक्कल. कोपऱ्यात ‘पाहिला’, खाली तुमची आद्याक्षरं. म्हणजे त्यांनी नऊ वर्षं आधी अर्ज दिलाय. नियमात बसतोय सर!”

तिच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखा आनंद. मी आधी दार लोटून घेतलं. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं की बाळा, कागद खरा असणं वेगळं आणि कागद बाहेर काढायची वेळ असणं वेगळं. आज हा बाहेर काढला तर दहिवाळ साहेब पहिला प्रश्न विचारतील, नऊ वर्षं हा होता कुठं? आणि उद्या बाकीचे सत्तर दारात उभे राहतील, आमचीबी तारीख बदला म्हणून. एका माणसासाठी सगळी घडी विस्कटायची?

“मग सर, काका काही गुन्हेगार आहेत का, वेळेत अर्ज दिला म्हणून?”

प्रश्न फार विचारते. मी कागद परत खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. यापूर्वी कधी लावलं नव्हतं.

खरं लिहायचं ठरलंय तर लिहितो. तेव्हा मी नवीन होतो. पहिल्याच वर्षी युनियनच्या डोळ्यांवर यायचं नव्हतं आणि मॅनेजमेंटच्याही. वाटलं, नऊ वर्षं आहेत, तोवर कुणीतरी दुसरा मॅनेजर येईल. कुणी आलंच नाही. मीच राहिलो.

२० मे

गृहपाठ: आज काय सोडून दिलं? काही नाही.

२५ मे

संध्याकाळी मुकुंदवाडीच्या बाजारात दीपमालासोबत भाजी घेत होतो, तर रामकिसन आणि त्याची मुलगी समोरच. करुणा नाव. बारीक चणीची, चष्मा. मी मेथीच्या गाड्याआड व्हायचा प्रयत्न केला, पण दीपमालानंच हाक मारली, “अहो इकडं या ना, कुणीतरी ओळखीचं दिसतंय.” तिला कसं कळतं देव जाणे.

करुणानं नमस्कार केला. म्हणाली, “सर, बाबांच्या अर्जावर कंपनीनं काय निर्णय घेतला, तेवढं लेखी मिळेल का? नाही म्हणालात तरी चालेल. नाही असं लेखी द्या.”

पोरगी लाडाकोडाची नव्हे, चांगलीच तयार आहे. मी म्हणालो, विषय विचाराधीन आहे. ती म्हणाली, “पाच दिवस राहिलेत सर.” रामकिसननंच तिला गप्प केलं. “राहू दे. साहेब बघतो म्हणलेत ना.”

घरी येताना दीपमाला पालक-मेथीची पिशवी सांभाळत म्हणाली, “त्या माणसानं तुमच्यावर विश्वास टाकला आणि तुम्ही मेथीच्या मागं लपता?”

“मी लपलो नाही. जुडी बघत होतो.”

“तुमचा समतोल म्हणजे कसाय माहितीय का? दोन बायकांच्या भांडणात नळ बंद करून घरात बसणाऱ्या माणसासारखा.”

ही कुठली उपमा! आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा येतं, तिला सगळीकडं नळच दिसतो.

३० मे

एकतीसला रविवार, म्हणून रामकिसनचा निरोप समारंभ आज झाला. सगळी तयारी मीच केली. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, गटाचा फोटो. माझं भाषण छान झालं. ‘रामकिसनसारखी माणसं निवृत्त होत नसतात, ती आपल्या मनात कायम ड्युटीवर असतात,’ या वाक्याला टाळ्या पडल्या. दहिवाळ साहेबांनीही मान डोलावली.

रामकिसनला बोलायला सांगितलं. तो उठला, माईक हातात घेतला, त्यावर टिचकी मारून बघितली. मग म्हणाला, “चार नंबरचा क्लच जरा जपा. तो गरम झाला की आवाज बदलतो.” बसला. एवढंच. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं यापेक्षा जास्त बोलायला हवं होतं असं मला वाटलं. फोटोत तो माझ्याकडं न बघता प्रेसकडं बघतोय.

गेटपर्यंत मी सोडायला गेलो. घड्याळ त्यानं काखेत धरलं होतं. मला वाईट वाटलं, हे इथं लिहून ठेवतो. बाई म्हणतात भावना नोंदवा. नोंदवली.

१ जून

वाढदिवस साजरा झाला. कसा, ते विचारू नका.

केक चार फुटांचा, त्यावर एकाहत्तर नावं. कँटीनमध्ये सत्तर माणसं रांगेत, डोक्यावर कागदी टोप्या. प्रत्येकानं सुरी हातात धरून फोटो काढायचा असा पुण्याचा हुकूम. पहिलाच उभा राहिला तो पेंटशॉपचा म्हातारा. म्हणाला, “साहेब, माझी आई म्हणायची मी पोळ्याला झालो. बैलं सजवून दारात उभी होती म्हणं. आज कसा काय वाढदिवस?” मी म्हणालो, कापा हो, फोटो काढा. त्यानं कापला. पुढच्यानं विचारलं, टोपी घरी न्यायची का. एकजण तर रडायलाच लागला, आयुष्यात पहिल्यांदा वाढदिवस केला म्हणाला. तेवढं मात्र मला आवडलं.

घोळ असा झाला की केकची ऑर्डर आधीच दिलेली होती, त्यामुळं रामकिसनचं नाव केकवर तसंच. काल निवृत्त झालेल्या माणसाचा आज वाढदिवस. सगळ्यांनी आपापलं नाव कापून घेतलं आणि शेवटी पुठ्ठ्यावर एकटाच ‘रामकिसन’ राहिला. कुणी हात लावेना. मेघा म्हणाली, “सर, घ्या ना तुम्ही.” मी म्हणालो मला शुगरची भीती आहे. शेवटी सिक्युरिटीवाल्यांना दिला.

पुण्याला फोटो पाठवले. त्यांनी लिहिलं, ग्रेट एनर्जी!

३ जून

चार नंबरचा प्रेस बसला. नवा सेटर ऋतुराज, डिप्लोमा झालेला, मेहनती पोरगा, पण डाय बसवली की पत्र्याला चीर जायला लागली. दोन शिफ्टचा माल भंगारात. ऋतुराज बिचारा रडकुंडीला आला. म्हणतो, “काका शिकवत होते, पण अजून वर्षभर लागंल म्हणायचे.” दहिवाळ साहेबांनी मला विचारलं, “रामकिसनच्या जागी माणूस तयार करायचं नियोजन कुणाचं होतं?”

नियोजन विचाराधीन होतं. हे मी तोंडानं बोललो नाही.

६ जून

व्याख्यान झालं. सभागृह गच्च. फायलीतल्या माणसाला ओळखा, संवाद हा श्वास आहे, वगैरे. ‘एचआरनं कारखान्याची आई व्हावं’ यावर फार टाळ्या. एका मुलीनं विचारलं, “सर, एखादा अवघड निर्णय तुम्ही कसा घेतला, याचं एक उदाहरण सांगाल?” मी पाणी प्यालो. आठवेना. अठरा वर्षांतला एकही आठवेना! मग मी केकचं सांगितलं. सगळे हसले, निभावलं.

सत्काराच्या वेळी खिशात फोन थरथरत होता. दहिवाळ साहेबांचे अकरा मिस कॉल. वाळूजच्या गिऱ्हाईकाची लाइन आमच्या मालावाचून थांबायच्या बेतात आहे. फोनवर एकच वाक्य: “काहीही कर, रामकिसनला सोमवारी प्रेसवर उभा कर.”

८ जून

आजचा दिवस माझ्या कारकिर्दीतला सर्वात मोठा म्हणायला हरकत नाही. साप मेला आणि काठीही वाचली. नीट लिहून ठेवतो.

रामकिसनला परत कायम करणं शक्यच नाही, निवृत्त झालेला माणूस. म्हणून मी तोड काढली, त्याला आमच्या लेबर काँट्रॅक्टरच्या, कडुबाच्या, नावावर घ्यायचा. काम तेच, प्रेस तोच, फक्त टोपीचा रंग वेगळा. कडुबाला बोलावलं. तो फॉर्म उलटसुलट करून म्हणाला, “माझ्याकडं अठ्ठावन्नच्या वरचा माणूस चालत नाय ठोंबरे साहेब. तुमचाच नियम हाय, तुमच्याच सहीचं सर्क्युलर.”

खरंच होतं. मागच्या वर्षी गिऱ्हाईकाच्या ऑडिटसाठी मीच काढलेलं. (नाही, सही कशी केली आठवत नाही. घाईत असणार.)

घोडं तिथंच पेंड खायला लागलं. दहिवाळ साहेबांचा दर दहा मिनिटांनी फोन. आणि मग मला सुचलं. रामकिसन अठ्ठावन्नचा आहेच कुठं? तो तर पंचावन्नचा! तहसीलची नक्कल आहे की!

मी कडुबाला म्हणालो, त्याची खरी जन्मतारीख सत्तरची आहे. तो म्हणाला, “आसंल. पण आधारवर अडुसष्ट हाय. कंपनीनं पत्र द्यावं, मग माझी काय हरकत नाय.”

खणाचं कुलूप उघडलं, अर्ज काढला. मेघा लगेच टाइप करायला बसली. आज तिचं खरंच कौतुक वाटलं, एकही आडवा प्रश्न नाही. उलट स्वतःहून सुधारणा सुचवत होती. म्हणाली, “सर, साध्या कागदावर नको, लेटरहेडवर घेऊ, वजन पडतं.” घेतलं. म्हणाली, “सर, नुसती तारीख लिहिली तर कडुबाशेठ शंका काढतील. त्यांच्या अर्जाचा संदर्भ टाकू या, अकरा जून दोन हजार सतरा, प्राप्त झाल्याचा.” टाकला. “आणि सर, ‘कंपनीनं तपासून मान्य केली आहे’ असं हवं ना?” मी म्हणालो, अगदी बरोबर, शिकतेयस. तिनं जावक नंबरही टाकला. पोरीला वळण लागतंय.

पत्र असं झालं: ‘श्री. रामकिसन यांनी दि. ११ जून २०१७ रोजी दिलेला अर्ज व सोबतची जन्मनोंदीची नक्कल कंपनीस प्राप्त असून, त्यांची जन्मतारीख ९ नोव्हेंबर १९७० असल्याचे कंपनीने तपासून मान्य केले आहे.’ खाली मी सही केली. आद्याक्षरं नाही, पूर्ण सही. सही करताना हात जरा हलका वाटला, का कोण जाणे.

तीन वाजता रामकिसन आला, सोबत करुणा. मी दोघांना पाणी दिलं, पत्र दिलं. करुणानं ते दोनदा वाचलं. मग बापाकडं बघितलं. मग मला विचारलं, “सर, ही सही तुमचीच ना? शिक्का पण मारून द्याल?” मेघानं शिक्का पुढं केला, मी मारला. करुणानं मूळ पत्र जपून फायलीत ठेवलं, कडुबाला तिनं झेरॉक्स दिली.

मी रामकिसनपुढं काँट्रॅक्टचा फॉर्म सरकवला. तो म्हणाला, “साहेब, म्हणजे माझी तारीख खरी होती, हे तुम्हाला पटलंय ना आता?”

“पटलंय हो! नऊ वर्षांपासून पटलंय,” मी म्हणालो. त्याचा हात धरला. मला खरोखर भरून आलं होतं.

त्यानं फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. “घरी जाऊन भरतो. भामाबाईला इचारावं लागतंय.” भामाबाई त्याची बायको. मी म्हणालो, अवश्य, कुटुंब आधी. दहिवाळ साहेबांना कळवलं, उद्या येतोय.

१२ जून

नाही आला. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, काल नाही.

आज आला तो अर्ज. खाली सही रामकिसनची, भाषा पोरीची. ‘कंपनीने माझी जन्मतारीख ९ नोव्हेंबर १९७० मान्य केली असल्याने मला ३१ मे रोजी निवृत्त केले ही चूक असून, मला कायम सेवेत परत घ्यावे.’ सोबत माझं पत्र. एक प्रत कामगार आयुक्तांना. गेटवर करुणानं दोन्ही प्रतींवर सिक्युरिटीचा शिक्का, तारीख, वेळ घेतली म्हणे, आणि ‘नाव स्वच्छ अक्षरात लिहा’ असंही सांगितलं.

कंपनीच्या वकिलांनी फोनवर पत्र वाचून घेतलं. विचारलं, “ठोंबरे, हे तुम्हीच लिहिलंत? दारू पिऊन तर नाही ना?” मी म्हणालो मी पीत नाही. ते म्हणाले, “मग लढायला उरलं काय? घ्या परत.”

मेघाला विचारलं, तुला हे असं होईल हे लक्षात आलं नव्हतं का? ती म्हणाली, “आलं होतं सर.” आणि पहिल्यांदाच तिनं मला पाणी दिलं.

१३ जून

दीपमालाला सांगितलं. वाटलं धीर देईल. ती पोळी लाटता लाटता हसायलाच लागली, लाटणं ठेवून हसली. “अहो, अठरा वर्षांत एक खरा कागद लिहिलात, आणि तोही चुकून!”

मी रागावलो. चांगलाच रागावलो, ताट सारून उठलो. आणि मग गॅलरीत उभं राहिल्यावर कळलं की तिच्यावर नाही रागावलो. त्या दोन हजार सतरातल्या नव्या मॅनेजरवर रागावलोय. एक ओळ लिहायची होती नालायकाला, एक ओळ.

१६ जून

सकाळी रामकिसन हजर. हजेरीचा जुना पंच नंबर, जुनी टोपी. ऋतुराजला शेजारी उभं करून दुपारपर्यंत चार नंबर चालू केला. मी शॉपफ्लोअरवर गेलो. म्हणालो, “कसं वाटतंय?” तो म्हणाला, “नऊ वर्षं तुमच्यावर राग नव्हता साहेब. निरोपाच्या दिवशी आला. तुम्ही भाषण करत होता तवा.” आणि परत कामाला लागला. तिथंच उभा राहिलो, सगळे बघत होते.

दहिवाळ साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. जनरल मॅनेजरची जागा बाहेरून भरणार आहेत. मला काढणार नाहीत. म्हणाले, “तुझ्यासाठी एक काम काढलंय. एक जूनवाले जे सत्तर राहिलेत, प्रत्येकाचा कागद तू तपासायचा. प्रत्येकावर निर्णय. हो किंवा नाही. आणि प्रत्येकाखाली पूर्ण सही. मेघा सोबत बसेल, तू सुटू नयेस म्हणून.” खाली आलो तर मला वाटलं होतं तेच झालं होतं. रामकिसनची बातमी जेवणाच्या सुट्टीत कँटीनभर झालेली. केबिनपासून गेटपर्यंत रांग. कुणाकडं शाळेचा दाखला, कुणाकडं कुंडली, एकाकडं नुसता आईचा फोटो.

पहिली आली सरूबाई. पॅकिंगला असते, बावीस वर्षं झाली. कागदानं पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. खुर्चीवर बसायला लाजत होती, मेघानं बसवली. मी विचारलं, शाळेचा दाखला? शाळेत गेले नाय. तहसीलची नोंद? आमचं गाव उठलं धरणात. कुंडली? कुणाची? आमची?

“मग मावशी, ही एक जून कुणी सांगितली?”

“तुमच्यासारखाच एक साहेब होता, त्यानं लिवली. म्हणला, जन्म कधीचा? म्या म्हणलं, ठाव नाय. तो म्हणला, मग एक जून.”

“पण वय कमी आहे असं म्हणता, तर काहीतरी पुरावा लागेल ना. पुरावा काय?”

सरूबाईनं पदर सारखा केला. चिडली नाही. समजावून सांगावं तसं म्हणाली, “पुरावा? आता मीच बसलेय की हितं तुमच्यापुढं. बघा की माझ्याकडं.”

मी बघितलं. हात, चेहरा, केस. मेघा थांबली होती, बाहेर रांग थांबली होती. मग ‘हो’ लिहिलं, खाली पूर्ण सही केली. दिवसभरात तो एकच निर्णय झाला आणि उद्या एकोणसत्तर आहेत.